सुतकातला तपास : ओलोफ पाल्मे खून प्रकरण

१ मार्च १९८६, शनिवारची सकाळ. स्टॉकहोममधल्या स्वेआवेगेन या रुंद रस्त्याच्या फुटपाथवर एका भारतीय पत्रकाराला रिव्हॉल्वरची गोळी सापडली. आदल्या रात्री ११ वाजून २१ मिनिटांनी त्याच रस्त्यावर स्वीडनचे पंतप्रधान ओलोफ पाल्मे यांचा खून झाला होता. पोलिसांनी दोरी बांधून जागा अडवली होती, पण अडवलेला तुकडा इतका लहान की गोळी दोरीच्या बाहेर उघड्यावर पडून राहिली. दुसरी गोळी रविवारी सापडली, तीही येणाऱ्या-जाणाऱ्यांनाच. या खुनातला सगळा भौतिक पुरावा म्हणजे या दोन गोळ्या. रिव्हॉल्वर आजतागायत मिळालेलं नाही.

मी फौजदारी वकिली करतो. खुनाचे कागद हातात आले की आधी घटनास्थळाचा पंचनामा वाचतो. काय कुठे पडलं होतं, कोणी उचललं, कोणासमक्ष सील केलं, मुद्देमाल कधी प्रयोगशाळेत गेला. एवढं वाचलं की पुढे कोर्टात काय होणार याचा बराच अंदाज येतो. त्याच सवयीने मी पाल्मे प्रकरण वाचायला घेतलं आणि ती दोरीबाहेरची गोळी मनातून जाईना. एवढा प्रगत देश, एवढा मोठा माणूस, आणि पंचनाम्याचा पहिला धडा कसा काय चुकला?

स्कँडिनेव्हियातल्या पोलिसी रहस्यकथा आपल्याकडेही आवडीने पाहिल्या-वाचल्या जातात. त्यात एक सूत्र हमखास येतं : मेलेला माणूस तपास अधिकाऱ्याच्या जवळचा निघतो. जुनी मैत्रीण, गेलेला सहकारी, लहानपणचा सोबती. मग तो अधिकारी झोप-जेवण विसरतो, वरिष्ठांना जुमानत नाही, आणि त्या ओढीपोटीच इतरांना न दिसलेलं त्याला दिसतं. खऱ्या आयुष्यात अशी जवळीक तपासाला काय करते, हे पाहायचं असेल तर पाल्मे प्रकरणाएवढं मोठं उदाहरण माझ्या माहितीत नाही. कारण इथे मयत म्हणजे देशाचा पंतप्रधान आणि सत्तेतल्या पक्षाचा अध्यक्ष होता. पोलीसप्रमुख, न्यायमंत्री, राजदूत, प्रकाशक, ज्यांनी ज्यांनी या तपासात हात घातला ते कोणत्या ना कोणत्या धाग्याने त्याच्याशी बांधलेले होते.

आपल्याकडे घरात मृत्यू झाला की सुतक धरतात. सुतकातला माणूस पूजा करत नाही, शुभकार्य हाती घेत नाही. त्या रूढीबद्दल कोणाचं काही मत असो, मला तिच्यात एक जुनं शहाणपण दिसतं : ज्याच्या घरातून नुकतंच कोणी गेलं आहे, त्याच्यावर नेमकेपणाचं काम सोपवू नये. स्वीडनमध्ये नेमकं तेच सोपवलं गेलं. एका देशाला सुतक लागलं होतं आणि सुतकातल्याच माणसांनी तपास हाती घेतला.

ती रात्र

२८ फेब्रुवारी, शुक्रवार. पाल्मे यांनी दुपारीच आपल्या अंगरक्षकांना घरी पाठवलं होतं. संध्याकाळी पत्नी लिस्बेत यांच्याबरोबर सिनेमाला जायचं ठरलं, तेही ऐनवेळी. दोघं जुन्या शहरातल्या घरातून निघून मेट्रोने गेले. ग्रँड थिएटरपाशी मुलगा मोर्टेन आणि त्याची मैत्रीण भेटली. सिनेमा सुटल्यावर मुलगा आपल्या वाटेने गेला आणि नवरा-बायको कडाक्याच्या थंडीत चालत घराकडे निघाले. लिस्बेत यांना एका दुकानाच्या काचेतलं काहीतरी पाहायचं होतं म्हणून त्यांनी रस्ता ओलांडला. त्या दुकानाचं नाव ‘सारी’. पुढे तुनेलगातान नावाच्या गल्लीचा कोपरा लागतो. कोपऱ्यावर तेव्हा रंगांचं दुकान होतं. तिथे मागून आलेल्या माणसाने अगदी जवळून पाल्मे यांच्या पाठीत गोळी घातली. दुसरी गोळी लिस्बेत यांना चाटून गेली. मारेकरी गल्लीत शिरला, टोकाच्या पायऱ्या चढून वरच्या रस्त्यावर गेला आणि दिसेनासा झाला.

जवळच थांबलेल्या एका गाडीतून १७ वर्षांची एक मुलगी धावत आली आणि तिने त्यांचं हृदय चालू करायचा प्रयत्न केला. पोलीस काही मिनिटांतच पोचले, पण जमिनीवर कोण पडलं आहे हे त्यांना प्रथम कळलंच नाही. आपण कोण आहोत हे लिस्बेत यांना ओरडून सांगावं लागलं. मध्यरात्रीनंतर ६ मिनिटांनी साबात्सबेर्ग रुग्णालयात डॉक्टरांनी मृत्यू जाहीर केला.

देशभर सावधानतेचा इशारा जायला पहाटेचे दोन उलटले. शहराच्या वाटा, स्टेशनं, बोटींचे धक्के वेळेवर बंद झाले नाहीत. सकाळपर्यंत कोपऱ्यावर गुलाबांचा ढीग जमला होता. लोक रडत होते, फुलं ठेवत होते, आणि त्यांच्या पायांखाली जे काही उरलं असेल ते तुडवलं जात होतं. त्या लोकांना मी दोष देत नाही. पण जमादार दर्जाच्या एखाद्या अनुभवी पोलिसाने तिथे दोरी चारपट लांब बांधली असती, तर ते त्या दिवसातलं सर्वात मोठं काम ठरलं असतं.

ज्यांच्या हातात तपास गेला

त्या शनिवार-रविवारी स्टॉकहोम प्रांताचे पोलीसप्रमुख हान्स होल्मेर शहराबाहेर होते. शनिवारी सकाळी ते परतले आणि तपासाची सूत्रं त्यांनी स्वतःकडे घेतली. ते कायद्याचे पदवीधर, प्रशासनात मुरलेले, १९७० ते १९७६ या काळात ‘सेपो’ या गुप्तचर पोलिसांचे प्रमुख राहिलेले. पाल्मे यांच्या सोशल डेमोक्रॅट पक्षाच्या सरकारच्या वर्तुळात त्यांची ऊठबस होती. खुनाचा तपास मात्र त्यांनी आयुष्यात कधी चालवला नव्हता. जिल्हाधिकाऱ्याने हरवलेल्या मुलाचा तपास स्वतः करायला घ्यावा, तसा हा प्रकार. नेमके ज्यांना हे काम येत होतं ते अनुभवी खून-तपासनीस दुसऱ्या रांगेत गेले. तपासाच्या बैठकांना न्याय मंत्रालयाची माणसं बसू लागली. पंतप्रधान गेलेल्या सरकारला रोज काय घडलं ते जाणून घ्यायचं होतं, आणि माणूस म्हणून ते समजण्यासारखं आहे. पण तपास अधिकाऱ्याच्या टेबलाला मयताचं घर टेकलं की अधिकारी मोकळेपणाने चुकू शकत नाही. ‘आज काहीच हाती लागलं नाही’ असं तो म्हणू शकत नाही.

मार्च संपता संपता होल्मेर यांनी पत्रकारांसमोर दोन रिव्हॉल्वर हातात धरून दाखवली. खुनाचं हत्यार या प्रकारचं असावं, एवढंच त्यांना सांगायचं होतं. ते छायाचित्र जगभर गेलं. दोन्ही हातांत दोन शस्त्रं, चेहऱ्यावर ठामपणा, आणि प्रत्यक्षात हातात काहीच नाही. हे छायाचित्र मी बराच वेळ पाहत बसलो होतो. त्यात मला बढाई दिसली नाही. देशाला धीर द्यायचं काम आणि खुनी शोधायचं काम एकाच माणसावर टाकलं की तो कसा उभा राहतो, ते दिसलं.

त्याआधी १२ मार्चला एक तरुण पकडला गेला होता. पाल्मेद्वेष्ट्या एका छोट्या राजकीय गटाशी त्याचा संबंध आला होता. आठवडाभरात त्याला सोडावं लागलं. सरकारी वकील आणि होल्मेर यांच्यात यावरून इतकं बिनसलं की तो वकीलच प्रकरणातून बाहेर पडला. स्वीडनमध्ये विशिष्ट माणसावर संशय आला की तपासाची धुरा सरकारी वकिलाकडे जाते, पोलिसांकडे राहत नाही. हा त्या व्यवस्थेतला महत्त्वाचा लगाम आहे. होल्मेर यांना तो जाचत होता.

मग त्यांनी ‘मुख्य धागा’ धरला : कुर्द बंडखोरांची पीकेके संघटना. या संशयाला अगदीच आधार नव्हता असं नाही. संघटना सोडून गेलेल्यांचे खून स्वीडनच्या भूमीवर झाले होते आणि सरकारने तिला दहशतवादी ठरवलं होतं. पण त्या कोपऱ्यावरच्या खुनाशी जोडणारा दुवा काही सापडला नाही. तरीही जवळजवळ वर्षभर तपासाची ताकद तिकडेच लागली. २० जानेवारी १९८७ रोजी मोठी धरपकड झाली, सुमारे २० जणांना उचललं, आणि पुराव्याअभावी सरकारी वकिलांनी त्यांना लगेच सोडायला लावलं. काही दिवसांतच होल्मेर यांच्याकडून तपास काढून घेतला गेला आणि मार्चमध्ये त्यांनी पद सोडलं. पुढे त्यांनी पोलिसी कादंबऱ्या लिहिल्या.

एवढा हुशार अधिकारी एका धाग्याला का चिकटून बसला? मला जे उत्तर पटतं ते असं : माणूस मोठा होता, म्हणून त्याचा खुनीही मोठाच असला पाहिजे, असं शोक करणाऱ्या मनाला वाटतं. पाल्मे यांनी व्हिएतनाम युद्धावरून अमेरिकेला सुनावलं होतं, खुनाच्या आठवडाभर आधीच वर्णद्वेषाविरुद्धच्या परिषदेत दक्षिण आफ्रिकेतले नेते ऑलिव्हर टांबो यांच्याबरोबर भाग घेऊन भाषण केलं होतं. असा माणूस सिनेमा पाहून घरी जाताना कोण्या ऐऱ्यागैऱ्याच्या हातून मेला, हे त्याच्या माणसांना सहन होणारं नव्हतं. त्यामागे संघटना हवी, परकी सत्ता हवी, कट हवा. माझ्याकडे येणाऱ्या मयतांच्या घरच्यांमध्येही हे मी पाहिलं आहे. भावाभावांच्या भांडणात गेलेल्या मुलाचे वडील वर्षानुवर्षं ‘यामागे कोणीतरी मोठा आहे’ म्हणत राहतात. वडिलांनी तसं म्हणावं, तो त्यांचा हक्क आहे. तपास अधिकाऱ्याने ते डोक्यात घेतलं की मात्र घात होतो.

प्रकाशक मित्राचा तपास

होल्मेर गेले, पण त्यांचा धागा मिटला नाही. तो त्यांच्या मित्राने उचलला. एब्बे कार्लसन हे व्यवसायाने प्रकाशक. सत्तरच्या दशकात न्यायमंत्र्यांचे प्रसिद्धी सचिव राहिलेले, पक्षातल्या बड्या मंडळींच्या घरोब्यातले. पोलीस खात्याशी त्यांचा अधिकृत संबंध शून्य. तरी खुनामागे इराण आणि कुर्द आहेत अशी खात्री बाळगून त्यांनी स्वतःचा समांतर तपास सुरू केला. पॅरिसमधले स्वीडनचे राजदूत कार्ल लिडबोम यांचा त्यांना पाठिंबा होता. लिडबोम माजी मंत्री आणि पाल्मे यांचे जुने मित्र. देशाचे पोलीस महासंचालक निल्स एरिक ओमान्सन यांनाही हे माहीत होतं. आणि न्यायमंत्री आना-ग्रेता लेयोन यांनी कार्लसन यांना शिफारसपत्र लिहून दिलं.

या पत्रापाशी थोडं थांबायला हवं. आपल्याकडे ‘हा आपलाच माणूस आहे, याला सहकार्य करावे’ अशी चिठ्ठी नवी नाही. पण इथे ती न्यायमंत्र्याने, खुनाच्या चालू तपासात, एका खाजगी माणसाला दिली होती. लेयोन या भ्रष्ट बाई नव्हत्या. पाल्मे यांच्या पक्षात, त्यांच्या मंत्रिमंडळात त्यांनी वर्षानुवर्षं काम केलं होतं. दोन वर्षं उलटली तरी त्यांच्या नेत्याचा खुनी मोकळा होता, अधिकृत तपास रुतला होता, आणि समोर एक ओळखीचा, तळमळीचा माणूस ‘मला खुनी ठाऊक आहे’ म्हणत उभा होता. नियमाने चालणाऱ्या मंत्र्याला जे कधी सुचलं नसतं ते शोकात असलेल्या सहकाऱ्याच्या हातून घडलं.

१ जून १९८८ रोजी ‘एक्स्प्रेसेन’ या दैनिकाने हे सगळं छापलं. त्याच दिवशी हेल्सिंगबोर्गच्या जकात नाक्यावर कार्लसन यांच्यासाठी काम करणारा माणूस चोरून संभाषण ऐकायच्या यंत्रांसह पकडला गेला. ७ जूनला लेयोन यांनी राजीनामा दिला. ओमान्सन यांनाही जावं लागलं. संसदेच्या घटना समितीसमोर झालेल्या सुनावण्या दूरचित्रवाणीवर थेट दाखवल्या गेल्या आणि त्या उन्हाळ्यात सारा देश त्या पाहत बसला. या सगळ्यात ज्या कुर्द कुटुंबांच्या दारांवर पोलीस येऊन गेले होते, त्यांच्याकडे पाहणारं फारसं कोणी नव्हतं. निर्वासित म्हणून आलेल्या एका लहानशा समाजावर पंतप्रधानाच्या खुनाचा शिक्का बसला आणि तो पुसायला वर्षं लागली. या प्रकरणातली मला सर्वात जास्त टोचणारी बाब हीच आहे.

आठ नंबर

मयताच्या सगळ्यात जवळची व्यक्ती म्हणजे पत्नी. ती जखमी आणि प्रत्यक्षदर्शी. गोळी झाडली गेल्यानंतर लिस्बेत पाल्मे यांनी एका माणसाचा चेहरा पाहिला होता. कोणत्याही खुनाच्या खटल्यात असा साक्षीदार म्हणजे सोनं. त्या व्यवसायाने बालमानसशास्त्रज्ञ, विचारी, स्पष्ट बोलणाऱ्या.

आपल्या कायद्यात नातेवाईक साक्षीदाराविषयी एक जुना आणि मला अतिशय आवडणारा निवाडा आहे. १९५३ साली दलीपसिंग खटल्यात न्यायमूर्ती विवियन बोस यांनी मांडलं की जवळचा नातेवाईक सहसा खऱ्या गुन्हेगाराला सोडून निरपराध माणसाला गोवणार नाही. म्हणजे नातं हा साक्षीतला दोष नाही. लिस्बेत यांच्याबाबतही मी तेच म्हणेन. दोष त्यांच्या नात्यात नव्हता. त्या नात्यापुढे पोलीस आणि सरकारी वकील वाकले, तिथे तो होता.

त्यांनी आपला जबाब टेपवर घेऊ दिला नाही. चित्रीकरण नाकारलं. घटनास्थळी इतर साक्षीदारांबरोबर प्रसंग पुन्हा उभा करून पाहायलाही त्या तयार झाल्या नाहीत. दुसरी कोणी विधवा असती तर तपास अधिकाऱ्याने समजावून, वेळ देऊन, पण ठामपणे हे करून घेतलं असतं. पंतप्रधानांच्या पत्नीला कोण ठामपणे सांगणार? त्यामुळे त्यांनी पहिल्या दिवसांत नेमकं काय पाहिल्याचं सांगितलं, त्यांच्याच शब्दांत किती आणि लिहून घेणाऱ्याच्या शब्दांत किती, हे पुढे कोणालाच खात्रीने सांगता आलं नाही.

१४ डिसेंबर १९८८. खुनाला पावणेतीन वर्षं उलटलेली. क्रिस्तेर पेतेर्सन नावाच्या, दारू आणि नशेच्या आहारी गेलेल्या, पूर्वी एका माणसाला मारल्याबद्दल शिक्षा भोगलेल्या गुन्हेगाराला त्या दिवशी ताब्यात घेतलं गेलं आणि ओळख परेड झाली. परेडचं चित्रीकरण लिस्बेत यांना दाखवण्यात आलं.

आमच्याकडे ओळख परेड तहसीलदार घेतात. एका आरोपीमागे निदान सहा डमी उभे करतात. ते वयाने, बांध्याने, दिसण्याने आरोपीसारखे असावेत, साक्षीदाराला आरोपी आधी दिसता कामा नये, त्याच्याबद्दल एक अक्षरही कानावर जाता कामा नये. उलटतपासणीत आम्ही याच जागा खोदतो : आरोपीच्याच पायात चप्पल नव्हती का, त्याचीच दाढी वाढलेली होती का, परेडआधी हवालदार तुमच्याशी काय बोलला? स्टॉकहोममध्ये या सगळ्या जागा उघड्या होत्या. संशयित दारुडा आहे हे लिस्बेत यांना आधीच सांगितलं गेलं होतं. रांगेतले बाकीचे नीटनेटके, आणि त्यांच्यात पेतेर्सन सहज वेगळा उठून दिसत होता. चित्रीकरण पाहताना यांतला दारुडा कोण ते दिसतंच आहे, अशा अर्थाचं लिस्बेत बोलल्या आणि मग म्हणाल्या, आठ नंबर.

आठ नंबरला पेतेर्सन उभा होता.

हा प्रसंग मी कित्येकदा मनात उलटसुलट केला आहे. त्या खोटं बोलत नव्हत्या, याबद्दल मला कणभरही शंका नाही. पण चेहऱ्याची आठवण पेटीत ठेवलेल्या फोटोसारखी नसते. पावणेतीन वर्षांत तिच्यावर वर्तमानपत्रं, स्वप्नं, इतरांची बोलणी आणि स्वतःचा संताप यांचे थर चढतात. त्यांच्या कानात ‘दारुडा’ हा शब्द टाकणाऱ्याने कदाचित सहानुभूतीपोटीच टाकला असेल, बाईंना थोडी कल्पना असावी म्हणून. त्या एका शब्दाने खुनाचा सर्वात मोलाचा पुरावा कायमचा गढूळ झाला. पेतेर्सन खुनी होता की नव्हता, हे त्या क्षणानंतर लिस्बेत यांच्या साक्षीवरून ठरवणं अशक्य झालं. तो निर्दोष असेल तर त्याच्यावर अन्याय झाला आणि दोषी असेल तर लिस्बेत यांच्यावर.

२७ जुलै १९८९ रोजी स्टॉकहोमच्या जिल्हा न्यायालयाने त्याला जन्मठेप दिली. निकाल एकमताचा नव्हता. स्वीडनमध्ये कायदेपंडित न्यायाधीशांबरोबर नागरिकांमधून नेमलेले सभासद बसतात. सहाही नागरिक-सभासद दोषी म्हणाले, दोन्ही व्यावसायिक न्यायाधीश निर्दोष म्हणाले. सहा विरुद्ध दोन. हा आकडा वाचला तेव्हा मी पुस्तक खाली ठेवलं. सहाजणांना एका विधवेच्या शब्दावर अविश्वास दाखवणं जमलं नाही. दोघांनी तो शब्द खरा मानूनही पुरावा म्हणून तोलला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये वरिष्ठ न्यायालयाने पेतेर्सनला एकमताने निर्दोष ठरवलं : हत्यार नाही, हेतू सिद्ध नाही, आणि ओळख परेडीवर विसंबता येत नाही. १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खटला पुन्हा उघडायलाही नकार दिला. २००४ मध्ये पेतेर्सन मरण पावला.

बोफोर्सचं काय?

मराठी वाचकाच्या मनात हा प्रश्न येणारच, म्हणून थोडक्यात. पाल्मे आणि राजीव गांधी यांचा चांगला स्नेह होता. अण्वस्त्रांविरुद्ध सहा देशांनी जो पुढाकार घेतला होता त्यात दोघं बरोबर होते आणि जानेवारी १९८६ मध्ये पाल्मे दिल्लीला येऊन गेले होते. १५ मार्चला त्यांची अंत्ययात्रा निघाली तेव्हा राजीव गांधी स्टॉकहोममध्ये होते. २४ मार्चला भारताने बोफोर्सशी १५५ मिलिमीटर तोफांचा करार केला आणि १६ एप्रिल १९८७ रोजी स्वीडिश रेडिओने दलालीची बातमी फोडली. तारखा इतक्या जवळजवळ आहेत की कोणालाही दोरा ओवावासा वाटेल. अनेकांनी ओवलाही. पण खुनाशी जोडणारा पुरावा कधी पुढे आला नाही, आणि तारखांच्या शेजारावरून खुनी ठरवायचा नसतो. बोफोर्सच्या बाजूला मात्र एक स्वीडिश पोलीस अधिकारी लक्षात ठेवण्यासारखा आहे : स्टेन लिंडस्ट्रोम. पत्रकार चित्रा सुब्रमण्यम यांना बोफोर्सची कागदपत्रं देणारा माणूस आपणच, हे त्यांनी २०१२ मध्ये उघड केलं. त्या कागदांमध्ये राजीव गांधींनी पैसे घेतल्याचा पुरावा नव्हता, हेही त्यांनी तेव्हाच सांगितलं. कागदात जेवढं आहे तेवढंच बोलायचं, त्याच्या पुढे नाही आणि मागेही नाही. पाल्मे प्रकरणात हीच शिस्त कमी पडली.

दोन दिवस, जून २०२०

स्वीडनमध्ये खुनाच्या गुन्ह्याला पूर्वी २५ वर्षांची मुदत होती. ती टिकली असती तर २०११ मध्ये हे प्रकरण आपोआप मिटलं असतं. १ जुलै २०१० पासून ती मुदत रद्द झाली आणि १ जुलै १९८५ नंतरच्या खुनांनाही हा बदल लागू केला गेला. त्यामुळे पाल्मे प्रकरण त्यात बसलं. तोवर १०,००० हून अधिक लोकांकडे चौकशी झाली होती, १३० वर माणसांनी ‘खून मी केला’ म्हणून कबुली दिली होती, आणि कागदपत्रं २५० मीटर लांबीची कपाटं व्यापत होती.

१० जून २०२० रोजी सरकारी वकिलांनी तपास बंद केल्याचं जाहीर केलं. त्यांचं नावही क्रिस्तेर पेतेर्सनच. सुटलेल्या आरोपीशी उच्चारात सारखं, एवढाच योगायोग. त्यांनी बोट दाखवलं ते स्तिग एंगस्त्रोम या माणसाकडे. तो २००० मध्येच मरण पावला होता, त्यामुळे खटला चालवता येत नव्हता. एंगस्त्रोम कोण? घटनास्थळाला लागून असलेल्या स्कांडिया विमा कंपनीच्या कार्यालयात काम करणारा चित्रकार-आरेखक. खून झाला तेव्हा तो नुकताच कार्यालयातून बाहेर पडला होता. दुसऱ्याच दिवसापासून तो स्वतःहून पत्रकारांना सांगत होता, मी तिथे होतो, मी मदत केली. इतर साक्षीदारांना तो आठवत नव्हता. पोलिसांनी त्याला बडबड्या, बेभरवशाचा साक्षीदार म्हणून बाजूला ठेवलं. त्याच्याविरुद्धही ना हत्यार ना रक्ताचा थेंब. तो खुनी होता असं मी म्हणणार नाही, तेवढा पुरावा नाहीच. पण एवढं नक्की म्हणेन की १९८६ च्या मार्चमध्ये, स्मृती ताज्या असताना, त्याच्या येण्या-जाण्याची, कपड्यांची, घराची नीट झडती व्हायला हवी होती. शेजारच्या इमारतीत नोकरी करणारा एक साधा माणूस तेव्हा कोणाच्या कल्पनेत बसत नव्हता.

आदल्याच दिवशी, ९ जूनला, लिनशॉपिंग शहरात दुसऱ्या एका खुन्याला अटक झाली. ऑक्टोबर २००४ मध्ये शाळेत निघालेला ८ वर्षांचा मुलगा आणि ५६ वर्षांची एक स्त्री सकाळच्या वेळी रस्त्यावर भोसकले गेले होते. पाल्मे प्रकरणानंतरचा स्वीडनमधला सर्वात मोठा तपास तो हाच. मेलेले दोघं कोणाचे नेते नव्हते. मंत्रालयातून कोणी बैठकांना येऊन बसलं नाही. पण घटनास्थळी पडलेला सुरा आणि लोकरीची टोपी पहिल्याच दिवशी नीट उचलून, बांधून, जपून ठेवली गेली होती. ६,००० वर लोकांच्या गालांच्या आतून कापसाच्या काडीने नमुने घेतले तरी डीएनए जुळेना. तपास अधिकारी यान स्ताफ यांनी प्रकरण सोडलं नाही. १६ वर्षांनी पेटर शोलुंड या वंशावळ-अभ्यासकाने त्या डीएनएवरून दूरचे नातेवाईक शोधले, जुन्या नोंदींतून घराणी पिढीपिढीने खाली आणली आणि वाट दोन भावांपाशी येऊन थांबली. त्यातला एक खुनी निघाला. त्याने त्याच दिवशी कबुली दिली. टोपी तुडवली गेली असती, तर यातलं काहीच घडलं नसतं.

स्वेआवेगेनच्या त्या कोपऱ्यावर मी एकदा जाऊन आलो आहे. फुटपाथमध्ये बसवलेला धातूचा फलक आहे, त्यावर नाव, पद आणि तारीख. लोक त्याला वळसा घालून जातात, काही पाय ठेवूनही जातात. तिथून थोडंच पुढे आडोल्फ फ्रेद्रिक चर्चच्या आवारात पाल्मे यांची समाधी आहे. फलकापाशी उभं राहून मी सहज मान वळवून गल्लीकडे पाहिलं. अंतर फार नाही. माणूस वळून पळाला तर त्याचा चेहरा दिसायला एखाद-दुसरा क्षण मिळेल, जास्त नाही.

लिस्बेत पाल्मे १८ ऑक्टोबर २०१८ रोजी वारल्या. एंगस्त्रोमचं नाव जाहीर झालेलं त्यांनी ऐकलं नाही. त्या रात्री आपण पाहिलेला माणूस आठ नंबरचाच होता, असं त्या शेवटपर्यंत सांगत राहिल्या.